घरातला अभ्यास

चौथीतल्या एका मुलीच्या वहीत मी सलग नऊ दिवस एकच शेरा लिहिला होता : ‘घरचा अभ्यास अपूर्ण’. दहाव्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरी गेले. आईबापाला चार शब्द सुनवायचे असं ठरवून, रागातच निघाले होते. पाडा शाळेपासून अर्ध्या तासाच्या चालीवर. सोबतीला अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कुडाच्या घरात चूल पेटलेली. मुलगी पाण्याच्या दोन खेपा करून नुकती टेकली होती, मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. चुलीवरचा भात तिनंच चढवला होता. आई मजुरीवरून यायची होती. रॉकेलची एक चिमणी होती, पण ती सगळे जेवायला बसले की मगच लावायची, असा घरचा नियम.

“दप्तर कुठंय गं?” मी विचारलं.

तिनं वर बोट दाखवलं. दप्तर आढ्याला दोरीनं टांगलेलं होतं. खाली ठेवलं तर उंदीर कुरतडतात, शेळी पानं खाते. ते काढायला घरातलं मोठं माणूस लागायचं, आणि मोठं माणूस घरी यायचं तेव्हा मुलांचे डोळे मिटलेले असायचे. मी पाणी प्याले आणि परत आले. कोणाला काही सुनावलं नाही. ते नऊ शेरे मी नंतर खोडले, पण लाल शाई काही पुसली जात नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. 2001 साली शिक्षणसेवक म्हणून उधव्याच्या परिसरात आले, महिना 3000 रुपये मानधनावर. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा व्हायला 1 ऑगस्ट 2014 उजाडावा लागला. तलासरी तालुक्याच्या या कोपऱ्यात महाराष्ट्र संपत येतो. पलीकडे दादरा-नगर हवेली, जरा वळून गुजरात. सकाळी सिल्वासा, उंबरगाव, वापीच्या कंपन्यांत जाणारी माणसं डबे घेऊन रस्त्यावर उभी असतात. वस्ती मुख्यतः वारल्यांची. कोकणा, धोडी, दुबळा ही कुटुंबंही आहेत. मुलं बाईंना ‘तू’ म्हणतात. पहिल्या महिन्यात मला ते खटकायचं. त्यांच्या बोलीत मोठ्यांसाठी वेगळं ‘तुम्ही’ फारसं वापरतच नाहीत, हे कळल्यावर त्या ‘तू’मधला विश्वास ऐकू यायला लागला. आता एखाद्यानं ‘तुम्ही’ म्हटलं की वाटतं, हा माझ्यापासून दूर उभा आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी घरचा अभ्यास ‘देत’ होते आणि मुलं तो ‘करत नव्हती’. या दोन वाक्यांपलीकडे माझा विचार जात नव्हता. आमच्या घरी वडील संध्याकाळी कंदिलाखाली आम्हाला बसवायचे, पाढे म्हणून घ्यायचे. तसं घर प्रत्येकाला असतं असं मी गृहीत धरलं होतं. ‘पाच वेळा लिहा’, ‘दहा वेळा लिहा’. न करणाऱ्याला उभं करायचं. छडी मी फारशी वापरली नाही, पण शब्द वापरले, आणि ते वापरताना आपण छडी वापरत नाही याचं समाधानही बाळगलं.

त्यातला एक प्रसंग सांगायला हवा. तिसरीतला एक मुलगा सतत कोरी वही आणायचा. वहीच्या समासात मात्र बारीक चित्रं काढलेली असायची : बैल, ताडाचं झाड, तारप्याभोवतीचा नाच. एका शनिवारी मी ती वही सगळ्या वर्गासमोर उंच धरली आणि म्हणाले, “बघा, याचा अभ्यास.” मुलं हसली. तोही हसला, मान खाली घालून. सोमवारी तो आला नाही. मंगळवारी आला नाही. दोनदा घरी गेले, तो गुरं घेऊन रानात गेलेला. पुढं डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला लागल्याचं कळलं. इथून जवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे याच रेघांनी जगभर गेले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो मुलगा तसा झाला असता असं मला म्हणायचं नाही. इतकंच की तो रोज रात्री वहीत काहीतरी करत होता. तो त्याचा घरचा अभ्यास होता आणि मी तो पाहिला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो मला तलासरीच्या नाक्यावर दिसला. कंपनीच्या गाडीची वाट बघत होता. त्यानं ओळख दिली, “बाई, बरी हायेस ना?” म्हणाला. मी माफी मागायला हवी होती. शब्द जुळवेपर्यंत गाडी आली आणि तो चढला.

डहाणू तालुक्यातल्या कोसबादला मी पहिल्यांदा गेले ती एका सुट्टीत, एसटी बदलत. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं, हे डी.एड.च्या पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेपुरतं. अनुताई वाघ लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीवर शिकलेल्या आणि ताराबाईंसोबत इथं आलेल्या. त्यांनी काढलेल्या कुरणशाळेचाही दोन ओळींत उल्लेख होता. उधव्यात चार-पाच वर्षं काढल्यावर त्या टेकडीवर उभी राहिले तेव्हा त्या दोन ओळींचा अर्थ लागला. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शाळा गुरांच्या मागं कुरणात न्यायची. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मुली येत नाहीत ना? मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवायची, म्हणजे ताई भावाला घेऊनच येईल. मुलाचं आयुष्य शाळेसाठी वाकवण्याऐवजी त्यांनी शाळा वाकवली. हे कुठं दूर घडलं नव्हतं, माझ्याच शेजारच्या तालुक्यात घडलं होतं, आणि मी मुलीचं दप्तर आढ्यावर का, हे न विचारता लाल शाई वापरत होते.

परत आल्यावर पहिला बदल अगदी साधा केला. शाळा सुटल्यावर अर्धा तास ओटा उघडा ठेवला. ज्याला इथंच अभ्यास उरकून जायचाय त्यानं उरकावा. भावंडं बरोबर आली तर येऊ देत. त्या मुलीच्या पाड्यावरची सहा-सात मुलं रोज थांबायला लागली, कारण उजेड होता आणि दप्तर हाताशी होतं. पावसाळ्यात थांबता यायचं नाही, ओढ्याला पाणी चढायच्या आत पोचायचं असायचं. लावणीच्या दिवसांत तर कोणीच थांबायचं नाही, आणि मी तो हट्टही सोडला. ज्या आठवड्यात सगळं घर चिखलात वाकलेलं आहे, त्या आठवड्यात मुलाला वेगळा अभ्यास देणं मला बरोबर वाटत नाही.

मधली दोनेक वर्षं बक्षिसांची होती. एका प्रशिक्षणात ऐकून आले होते. अभ्यास केला की वहीवर चांदणी, दहा चांदण्या झाल्या की पेन्सिल. पहिला महिना चमत्कार वाटावा असा गेला. पुढं लक्षात आलं, एकाच मुलाची वही चौघांच्या हातून फिरतेय. चौघांच्या बेरजेत चूकही एकच. बदल्यात त्याला बोरं मिळत होती. माझ्या पगारातून पेन्सिली जात होत्या त्याचं काही नाही, पण मार्चमध्ये पेन्सिली संपल्या आणि अभ्यासही संपला. आधी आपणहून करणारी तीन मुलं होती, त्यांनीसुद्धा थांबवला. ते मला जास्त लागलं. खूप नंतर वाचलं की अमेरिकेत स्टॅनफर्डला मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या मुलांवर नेमका असाच प्रयोग केला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, आणि पुढं ती मुलं आपणहून चित्रं काढण्यात पूर्वीपेक्षा कमी रमली. मला हे माझ्या तीन मुलांनी आधीच शिकवलं होतं.

भाषेचा अडसर मला सगळ्यात उशिरा दिसला. घरात वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ही दुसरीच भाषा असते. वर्गात मी समोर असते, हातवारे करते, मुलं अंदाज बांधतात. घरी पुस्तक एकटं असतं. दुसरीतल्या एका मुलानं ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नाखाली काहीच लिहिलं नव्हतं. का, विचारलं तर गंभीरपणे म्हणाला, “जागा कोनाची ते लिवलं नाय.” त्याच्या घरात तेव्हा जमिनीवरूनच भाऊबंदकी चालू होती. जागा म्हणजे जमीन, आणि दुसऱ्याच्या जमिनीत आपण भर घालायची नसते. त्याचं उत्तर मला आजही बरोबर वाटतं. तेव्हापासून घरी द्यायच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न वर्गातच सोडवून पाठवायचा, अशी सवय लावून घेतली. एक वाट दिसली की मूल पुढं जातं. नुसता आळस म्हणून मूल अभ्यास टाळतं असं माझ्या पाहण्यात फार थोडं आहे. बहुतेकदा त्याला कुठून सुरू करायचं ते समजलेलं नसतं, आणि समजलं नाही हे सांगायला घरी कोणी नसतं.

पालकांची सही हा नियमही मी पाळत होते. रोजच्या अभ्यासाखाली पालकांनी सही करायची. एका मुलाच्या वहीत पाच दिवस निळ्या शाईचा अंगठा उमटला, सहाव्या दिवशी पान फाडलेलं. त्याला वडिलांचा अंगठा इतरांना दिसू द्यायचा नव्हता. घरच्या अभ्यासानं त्या पोराला स्वतःच्या बापाची लाज वाटायला शिकवलं होतं, आणि ते शिकवणारी मी होते.

सही बंद केली. त्याऐवजी विचारायला सुरुवात केली : आजीला विचारून या. पहिल्या पावसानंतर रानात कुठल्या भाज्या येतात, कुठली कशी शिजवायची, कुठली घशाला खाजते आणि ती खाज काढायला काय घालायचं? दुसऱ्या दिवशी वर्गात जो गलका झाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. शेवळं, टाकळा, कोरळ, करटोली. शेवळ्यांत काकडं घातली नाहीत तर काय होतं याचा एकानं अभिनय करून दाखवला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्रं काढली. एका मुलीची आजी स्वतःच शाळेत आली. नातीनं सांगितलेलं बाईंनी नीट लिहून घेतलं का, हे तपासायला. ओट्यावर बसून तिनं तासभर सांगितलं आणि मुलांनी लिहिलं. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांना आम्ही बाजूला ठेवलं होतं, त्या घरांत शिकवण्यासारखं किती होतं! मुलगा घरी जाऊन विचारतो आणि आईला उत्तर येत असतं, यातून आई वेगळीच ताठ होते. “बाईनं आज काय विचारलंय?” असं मग तीच संध्याकाळी विचारते. माझ्या सगळ्या शेऱ्यांनी आणि चांदण्यांनी जे झालं नाही ते या एका प्रश्नानं होत होतं.

यातूनच पुढं कागदांचा अभ्यास आला. घरात असलेला कुठलाही छापील कागद मोठ्यांना विचारून घ्यायचा, वाचायचा, त्यावरचे तीन आकडे वहीत उतरवायचे. कोणी विजेचं बिल उतरवलं, कोणी रेशनकार्ड, कोणी औषधाचं पाकीट. सहावीतल्या एका मुलीच्या आजोबांनी मात्र कागद दाखवायला नकार दिला. मी भेटायला गेले. आजोबा शांतपणे म्हणाले, त्यांचा बाप सांगायचा, कागदाला हात लावू नका. बापानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता आणि त्या अंगठ्यापायी आयुष्यभर वेठ केली. इथल्या वयस्कर माणसांच्या मनात ते अजून ताजं आहे. 23 मे 1945 ला तलासरी तालुक्यातल्या झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो सगळा काळ आहे. मी ते पुस्तक वाचलं होतं. पण कागदाची भीती दोन पिढ्या ओलांडून एका मुलीच्या वहीपर्यंत येते, हे मला वाचून समजलं नसतं.

आजोबांनी दोन दिवसांनी स्वतःच पत्र्याची पेटी उघडली. आत 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा होता, प्लास्टिकच्या पिशवीत तीन घड्या घातलेला. नातीनं वाचला. क्षेत्र शून्य हेक्टर एकसष्ट आर. “आर म्हंजे काय?” आजोबांनी तिला विचारलं, तिनं मला विचारलं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. दुसऱ्या दिवशी दहा मीटरची दोरी घेऊन अख्खी सहावी त्यांच्या शेतात गेली. शेत काही चौकोनी नव्हतं. बांध वाकडे, मध्ये एक मोहाचं झाड. मुलांनी तुकडे पाडले, त्रिकोण काढले, भांडली, पुन्हा मोजलं. उत्तर साठ आरच्या आसपास आलं. दीड एकर. आजोबा बांधावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, “आनखी एकदा मोजा.” मुलांनी पुन्हा मोजलं. क्षेत्रफळाचा धडा त्या वर्षी मला फळ्यावर शिकवावा लागला नाही, आणि त्या मुलीनं आकडेमोडीचं पान वहीतून काढून आजोबांना दिलं. ते त्यांनी पट्ट्याबरोबर पेटीत ठेवलं.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव पेपरात यायचं, पण हादरत आम्ही सगळेच होतो. आधी जमिनीतून गडगड असा आवाज, मग धक्का. थंडीचे दिवस, तरी माणसं घराबाहेर, तंबूत, ताडपत्रीखाली झोपायला लागली. वर्गही आम्ही अंगणात झाडाखाली भरवत होतो. अशा दिवसांत घरचा अभ्यास काय द्यायचा? मी काही दिला नाही. पाचवीतल्या एका मुलानं मात्र आपल्या आपण सुरू केलं. वडिलांच्या मोबाइलमधलं घड्याळ बघून तो प्रत्येक धक्क्याची वेळ वहीत लिहायचा. पुढं एक-दोन शब्द : ‘लहान’, ‘मोठा’, ‘भांडी पडली’, ‘आई रडली’. हा मुलगा वर्षभर एक ओळ लिहायला कंटाळायचा. मी ती वही वर्गात वाचून दाखवली. त्याला विचारून, कारण तेवढं मी एव्हाना शिकले होते. दुसऱ्या दिवसापासून पंधरा-वीस मुलं लिहू लागली. सकाळी आम्ही वेळा जुळवून बघायचो. कोणाची वेळ दोन मिनिटं पुढं, कोणाची मागं. एकाच धक्क्याला एक जण ‘लहान’ लिहितो आणि दुसरा ‘मोठा’, असं का, यावर बरीच चर्चा झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं या भागात यंत्रं बसवली तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न होता, “ती यंत्रं पण लिवतात का?” लिहितात, म्हटल्यावर मुलं खूश झाली. भीती गेली नाही. रात्री धक्का बसला की मीही उठून बाहेर पळत होते. पण लिहायला हातात काही असलं की माणूस भीतीकडे बघू शकतो, असं मला त्या मुलांमध्ये दिसलं.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. वर्गातल्या बहुतेक घरांत साधा फोन होता, काही घरांत तोही नव्हता. ज्यांच्याकडे मोठा फोन होता, त्यांचा तो बापाबरोबर कंपनीत जायचा. आम्ही शिक्षक सवलत मिळाली तसं पाड्यापाड्यांवर जायला लागलो, झाडाखाली दहा-बारा मुलं, तोंडाला रुमाल. आठवड्यातून एकदाच एका पाड्यावर पोचता यायचं. मधल्या सहा दिवसांचं काय? तेव्हा एका पाड्यावर सातवीनंतर शाळा सोडलेली एक मुलगी पुढं आली. धाकट्या बहिणीचा अभ्यास घेताघेता तिच्याकडे शेजारची मुलं बसायला लागली होती. तिला मी फक्त एक काम दिलं : रोज प्रत्येकाची वही बघायची, चूक खोडायची नाही, खाली एक प्रश्न लिहायचा. ती लिहायची, ‘तुझी शेळी व्याली का?’, ‘हे चित्र कोणाचं?’ मुलं उत्तर लिहायची. पुढच्या दिवशी आणखी एक प्रश्न. दोन महिन्यांनी त्या वह्या मी पाहिल्या तेव्हा त्या पाड्यावरची मुलं वर्गात बसत होती तेव्हापेक्षा जास्त लिहीत होती. मी वीस वर्षं वहीखाली ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असं लिहीत आले होते. त्यांना उत्तर लागत नाही. ताईच्या प्रश्नाला उत्तर लागत होतं.

शाळा सुरू झाल्यावर ही पद्धत मी वर्गात आणली. चाळीस वह्यांखाली रोज प्रश्न लिहिणं एका माणसाला झेपत नाही. मी रोज आठच वह्या घेते आणि बाकीची मुलं एकमेकांच्या वह्यांत प्रश्न लिहितात. काही दिवस बरं चालतं, काही दिवस ढेपाळतं. दिवाळीआधीच्या परीक्षांत, माहिती भरण्याच्या गडबडीत माझ्याकडून आठवडाच्या आठवडा वह्या पाहिल्या जात नाहीत. मुलांना ते लगेच कळतं. तिसऱ्या दिवशी अक्षर बिघडतं, पाचव्या दिवशी वही घरी राहते. मुलांचा उत्साह कमी झाला अशी तक्रार करण्याआधी मी आता स्वतःला विचारते, शेवटची वही कधी पाहिली होतीस?

घरचा अभ्यास असावा की नसावा, यावर मोठ्या शहरांत वाद होतात. यशपाल समितीनं 1993 मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत घरचा अभ्यास नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं म्हटलं आहे. मला ते पटतं. शहरातल्या मुलाचा अभ्यास घरचे करून देतात आणि आमच्या मुलाचा अभ्यास कोणी बघतही नाही. दोन्हीकडे मूल एकटंच पडतं. पण ‘गृहपाठ बंद’ असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शेत मोजणारी मुलं येतात. ते कशात बसवायचं?

2023-24 च्या वर्षी पाठ्यपुस्तकांतच धड्यामागं कोरी पानं आली होती, वर ‘माझी नोंद’ असं छापलेलं. पुढं ती बंद झाली. अनेकांनी त्या पानांवर शब्दार्थ लिहून घेतले. मी मुलांना म्हटलं, इथं धड्यातलं काही लिहायचं नाही. भूकंपाची वही लिहिणारा मुलगा तोवर हायस्कूलला गेला होता. त्याची ती वही मी जपून ठेवली होती, ती नव्या मुलांना दाखवली. ‘आई रडली’ हे दोन शब्द वाचून वर्ग शांत झाला. मग एक मुलगी म्हणाली, “असं बी लिवायचं असतं?”

सगळ्यात अवघड आहे ते दिवाळीनंतरचं. भाताची कापणी, झोडणी झाली की काही घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, वसईकडे. मुलं बरोबर जातात. विधायक संसद या संघटनेनं भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे मजुरांची भट्टीवरची झोपडी. आता आम्ही मुलांना हमीपत्रक देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. काहींना शाळा मिळते, काहींना नाही. पूर्वी मी जाताना पुस्तकं बांधून द्यायचे आणि ती तशीच बांधलेली परत यायची. एका वर्षी मी एका मुलीला पुस्तकांबरोबर एक शंभर पानी वही दिली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहिला : ‘तिथं सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?’ होळीला वही परत आली, कडा विटांच्या मातीनं लाल झालेल्या. तेवीस पानं भरली होती. सगळ्यात आधी आई उठते. मग गाढवं. हजार विटांचा भाव तिनं बापाला विचारून लिहिला होता, आठवड्याच्या विटा मोजून हिशेब मांडला होता आणि उचल वजा केली होती. बेरजेत एक हातचा चुकला होता. मी तो खोडला नाही, खाली लिहिलं, ‘मुकादमाचा आकडा किती होता?’

यंदा अकरा मुलं जायची आहेत. वह्या आणून ठेवल्यात. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वेगळा प्रश्न हवा, म्हणून रोज रात्री दोन-तीन लिहिते. काल तिसरीतला एक जण वही घेताना पानं उलटून बघत होता. मला वाटलं पानं मोजतोय. तो शेवटचं पान शोधत होता.

“इथं पन एक लिव,” म्हणाला. “म्हंजे मी तिथवर येन.”

शेवटच्या पानावर काय विचारावं, ते अजून सुचलेलं नाही. टेम्पो परवा रात्री येणार आहे.